चेहरा निर्विकार असावा

सोमवारी सकाळी, खिडक्या उघडून फारसा वेळ झालेला नसताना, व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, चार क्रमांकाच्या खिडकीसमोर, एका माणसाचा चेहरा नामंजूर झाला. नामंजुरीचा काही गाजावाजा झाला नाही. काचेपलीकडच्या तरुण कारकून बाईंनी चार अर्जांच्या गठ्ठ्यातून एक छायाचित्र वेगळे काढले, ते तर्जनीच्या टोकाने काचेखालच्या फटीतून परत सरकवले आणि मान वर न करता म्हटले, "यात तुम्ही हसताय. हसलेलं चालत नाही." त्याने छायाचित्र उचलून डोळ्यांजवळ नेले. पांढऱ्या पडद्यापुढे बसलेला, दोन्ही कान सारखे दिसतील अशी मान ताठ धरलेला, पन्नाशीला टेकलेला एक गृहस्थ त्यात होता. त्याचा भांग जागच्या जागी होता, कॉलर जागच्या जागी होती, आणि ओठांची दोन्ही टोके, कुणीतरी कानात चांगली बातमी सांगून नुकतेच निघून गेल्यासारखी, किंचित वर गेलेली होती. "मी हसत नाहीये," तो म्हणाला, आणि हे अक्षरशः खरे होते. तेव्हा बाईंनी प्रथमच मान वर केली, त्याच्याकडे नीट पाहिले आणि जरा कीव आल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "आत्तासुद्धा हसताय."

त्याच्या सबंध आयुष्यात खिडकीच्या या बाजूला उभे राहण्याचे प्रसंग मोजकेच आले होते. तो वीज कंपनीच्या तक्रार-खिडकीच्या आतल्या बाजूचा माणूस होता. बाहेर उभा राहिलेला प्रत्येक जण बोलताना थोडा वाकतो, हे त्याने आतून हजारदा पाहिले होते, आणि त्यावर त्याचे स्वतःचे असे एक मतही होते : फट खाली असते म्हणून माणूस वाकतो असे नव्हे, तर माणूस वाकावा म्हणूनच फट खाली ठेवलेली असते. आता आपणही वाकलेलो आहोत हे त्याच्या लक्षात आले, आणि काचेवर तोंडाच्या उंचीला लोकांच्या श्वासाने जमणारे धुरकट वर्तुळ बाहेरून कसे दिसते हेही त्याला दिसले. ते बाहेरून दिसतच नव्हते. इतकी वर्षे त्याला वाटत आले होते की, लोक ते वर्तुळ पाहून मुद्दाम त्याच्या मध्यावर तोंड आणून बोलतात. कारकून बाई समजावून सांगत होत्या, आणि चांगल्या समजावत होत्या. त्या कामातला तो जुना जाणकार असल्यामुळे त्याला मनातल्या मनात दाद द्यावीशी वाटली. चौघांचा अर्ज एकत्र केलेला आहे, एकाचे अडले की चौघांचे अडते. नियमात स्पष्ट लिहिले आहे, चेहरा निर्विकार असावा. दुपारी खिडकी बंद होण्यापूर्वी दुसरे छायाचित्र आणले तर आजच घेऊ, नाही तर नवी तारीख घ्यावी लागेल, आणि नव्या तारखा पार उन्हाळा उलटून गेल्यावरच्या आहेत.

त्याच्या बाजूला बायको उभी होती, तिच्या बाजूला मुलगी, आणि मागच्या बाकावर, दोन्ही तळवे काठीच्या मुठीवर ठेवून, आप्पा बसले होते. हा सगळा घाट आप्पांसाठी घातलेला होता. आप्पा म्हणजे त्याचे वडील. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून उभा जन्म काढलेले. दुकानादुकानांतून फिरून तराजू तपासायचे, वजने तपासायची, खरी निघतील त्यांच्यावर मोहोर उठवायची, खोटी निघतील ती जप्त करायची. खात्यात त्यांच्याकडे काचेच्या पेटीत एक प्रमाण वजन होते, ज्याच्याशी बाकीची ताडून पाहायची; पण ते वजन दुसऱ्या एका मोठ्या कचेरीतल्या वजनाशी ताडलेले होते, आणि ते आणखी कशाशी. आपण आयुष्यभर नकलेच्या नकलेवर विश्वास ठेवून माणसांना खोटे ठरवले, असे आप्पा एकदा जेवताना म्हणाले होते, तक्रार म्हणून नव्हे, नुसती नोंद म्हणून. परदेशात एका शहरात जुन्या वजनमापांचे संग्रहालय आहे आणि तिथे ज्यांच्यावरून पूर्वी सगळ्या नकला घडवल्या अशी मूळ वजने मांडून ठेवली आहेत, हे नातीने त्यांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी तो मजकूर तिला पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, "बघायला हवं होतं एकदा." ज्या माणसाने स्वतःसाठी कधी नवी चप्पल मागितली नाही, त्याच्या तोंडचे हे वाक्य म्हणजे जवळजवळ हट्टच होता. घरात त्या दिवसापासून दुसरा विषय राहिला नाही. आता आप्पा ऐंशीच्या घरात होते, आणि त्यांचे गुडघे पुढच्या वर्षाची हमी द्यायला तयार नव्हते. जायचे तर याच उन्हाळ्यात. आणि आता ते जाणे मुलाच्या ओठांच्या दोन टोकांवर येऊन अडकले होते.

छायाचित्रकाराचे दुकान त्याच इमारतीच्या तळमजल्यावर होते. खरे तर ते वरच्या खिडक्यांच्या जिवावरच जगत होते. आप्पांना बाकावर सोडून तिघे खाली उतरले. छायाचित्रकार एक चष्मा नाकावर आणि दुसरा कपाळावर चढवलेला, अघळपघळ अंगाचा आणि अतिशय हळू बोलणारा माणूस होता. अडचण ऐकून त्याला मनापासून आनंद झाला. माझ्याकडे येतात ते सगळे आधीच रडवेले होऊन येतात, तो म्हणाला, कुणाचा कागद राहिलेला, कुणाचं नाव चुकलेलं. हसतो म्हणून परत पाठवलेलं गिऱ्हाईक आयुष्यात पहिलं. त्याने त्याला स्टुलावर बसवले, हनुवटी धरून चेहरा इकडेतिकडे फिरवला, आणि एखाद्या न उघडणाऱ्या डब्याकडे पाहावे तसे पाहून म्हणाला, चेहरा सैल सोडा. त्याने सोडला. आणखी सोडा. त्याने आणखी सोडला. अहो, जितका सोडाल तितका जास्त हसताय तुम्ही.

सैल सोडलेला चेहरा ही काय चीज आहे, याचा त्याने आजवर विचार केला नव्हता असे नाही. इतरांच्या बाबतीत चेहरा हा माणसाच्या मालकीचा असतो. त्याच्या बाबतीत तो सदैव समोरच्याच्या मालकीचा ठरला होता. शाळेत, भूगोलाच्या तासाला, फळ्यावरचा नकाशा चुकला म्हणून गुरुजी वर्गावर संतापले, आणि वळून पाहतात तो हा पहिल्या बाकावर प्रसन्न. वर्गाबाहेर उभे राहण्याची शिक्षा त्याने इतक्या वेळा भोगली की, त्या व्हरांड्यातला प्रत्येक खांब त्याला तोंडपाठ होता. पुढे नोकरीत, तीन रात्री अंधारात काढलेली माणसे खिडकीवर येत आणि आतला हा चेहरा पाहून पेटून उठत : घरात दिवा नाही आणि वर हसतोस. वरिष्ठांनी एकदा लेखी समजही दिली होती. त्यावर त्याने, मी हसत नव्हतो, असे लेखी उत्तर दिले होते आणि सोबत साक्षीदार म्हणून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याची सही घेतली होती, जो सही करताना हसत होता. कचेरीत त्याला पौर्णिमा म्हणत. लोकांकडे अंधार, आपल्याकडे पौर्णिमा, असे म्हणून ते त्याला मुद्दाम सर्वांत भडकलेल्या तक्रारदारांपुढे बसवत, कारण यात गंमत अशी होती की पहिला भडका ओसरल्यावर तीच माणसे त्याच्यापाशी शांत होत, आणि काही तर दिवे आल्यावर केवळ सांगायला म्हणून परत येत. त्यांना काय सापडत होते त्याला कळत नव्हते. जे आपण दिलेच नाही ते लोक घेऊन जातात, आणि जे केलेच नाही त्याची शिक्षा देतात. हिशेब कुठेतरी बरोबर बसत असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घालून घेतली होती. बायकोचेही तेच. प्रथम भेटीत ती काय बोलत होती ते घाबरल्यामुळे त्याला धड ऐकूही आले नव्हते, आणि तिला मात्र वाटले होते, आपल्या प्रत्येक बोलण्याचे याला कौतुक आहे. लग्नानंतर उलगडा झाला. "फसवणूकच झाली माझी," ती चारचौघांत सांगायची, "पण फायद्यातली."

आता तीच बायको छायाचित्रकाराच्या शेजारी येऊन उभी राहिली होती. साहेबांना काहीतरी वाईट आठवायला सांगा, असे छायाचित्रकाराने सुचवले होते, आणि बायकोने ते काम पदर खोचून हाती घेतले. तिने आरंभ त्याने बसमध्ये विसरलेल्या छत्रीपासून केला. मग परक्या माणसाला देऊन टाकलेला पंखा आला, तिच्या वाढदिवशी चुकलेली गाडी आली, घराला त्याने स्वतःच्या पसंतीने लावलेला, ओल्या शेवाळासारखा रंग आला. तिचा आवाज चढत गेला. बाहेर रांगेत उभी असलेली दोन-तीन माणसे दारातून डोकावू लागली. त्याला खरोखर वाईट वाटत होते, विशेषतः त्या रंगाबद्दल. छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहत मान हलवत होता : नाही, नाही, अजून हसताय. तेव्हा तिने ठेवणीतले अस्त्र काढले.

"आणि माझा भाऊ," ती म्हणाली. "तुमच्यामुळे माझा भाऊ गातो."

"माझ्यामुळे?"

"पहिल्यांदा गायला तेव्हा तुम्ही समोर बसला होता. त्याला वाटलं, तुम्हाला आवडलं. तेव्हापासून थांबलेला नाही तो."

मुलीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरले, पण व्हायचे ते झालेच. तिच्या नाकातून एक विचित्र आवाज बाहेर पडला आणि ती तिथेच जमिनीवर बसली. मामाचे गाणे तिने जन्मापासून ऐकले होते. दर मेजवानीत, जेवणे आटोपली की मामा घसा साफ करायचा, आणि सगळ्यांच्या नजरा दारांकडे वळायच्या. त्या सगळ्या छळाचे मूळ बाबांच्या ओठांत आहे, हा शोध तिला आता, या पांढऱ्या पडद्यासमोर लागत होता. बायकोने रागाचा आव टिकवण्याचा एक शेवटचा प्रयत्न केला, पण तिचा खालचा ओठ थरथरू लागला. आणि मग तोही हसू लागला, खरेखुरे, पोटातून, डोळे गच्च मिटून, खांदे कानांपर्यंत उडवत. आपण खरे हसतो तेव्हा आपल्याला काहीच दिसत नाही, हे त्याला फार दिवसांनी आठवले. छायाचित्रकाराचे बोट हसण्याच्या भरात कळीवर दाबले गेले आणि लख्ख उजेड पडला. दारातली परकी माणसे काहीही ठाऊक नसताना हसत होती. त्या चिंचोळ्या दुकानात, जिथे लोक आपापले निर्विकार चेहरे काढून घ्यायला येत असत, त्या सकाळी निर्विकार असे कुणीच उरले नव्हते; आणि त्या हसण्यात क्षणभर त्याला असे वाटून गेले की, आपण सगळे निघालेलो आहोत, व्हिसा मिळो न मिळो, प्रवास इथूनच सुरू झालेला आहे.

हसणे असे एकदम थांबत नाही; ओसरते. बायको मुलीला पाणी पाजायला बाहेर घेऊन गेली, छायाचित्रकार कपाळावरचा चष्मा शोधू लागला, आणि तो स्टुलावर एकटाच, डोळे पुसत बसून राहिला. मोठ्या हसण्याच्या मागे एक मोकळी जागा राहते, आणि त्या जागेत काय येऊन बसेल ते सांगता येत नाही. त्याला आई आठवली. मुद्दाम आठवली नाही. वाईट आठवा असे सांगितल्यावर आईला कामाला लावणे त्याला क्षुद्रपणाचे वाटले असते. ती आपली आपण आली, हात पुसत यायची तशी. आईच्या रागावण्यावर त्याचा लहानपणी कधी विश्वासच बसला नव्हता. ती पाय आपटून बोलायची, ताट आदळायची, पण चेहऱ्यावर काहीतरी असे असायचे की, पोराला वाटावे, आतून ही खूश आहे, नुसता खेळ चालला आहे. रागवायचे काम मग आप्पांकडेच राहिले. शाळा सुटल्यावर तो त्यांच्या कचेरीत जाऊन बसायचा. पंखा बंद, खिडक्या बंद, काचेच्या पेटीत नाजूक तराजू, आणि आप्पा एक डोळा मिटून काट्याकडे पाहत उभे. त्याचा श्वास काचेच्या उघड्या झडपेतून आत जायचा, आणि काटा थरथरायचा. आप्पा वळून न पाहता म्हणायचे, "हसू नकोस. काटा हलतोय." त्याच्या बालपणात सर्वाधिक वेळा ऐकलेले वाक्य हेच असावे. तो श्वास कोंडून उभा राहायचा, छाती दुखेपर्यंत, आणि मग काटा स्थिर झाल्यावर आप्पांच्या तोंडून निकाल यायचा. निकाल दोनच असत, खरं किंवा खोटं. अधलेमधले त्यांना मंजूर नव्हते. पुढे पुढे ही सवय वजनांपुरती राहिली नाही. भाजीवाल्याची शपथ, वर्तमानपत्रातले भाषण, शेजाऱ्याचा खोकला, सगळ्यांवर आप्पांची मोहोर उठू लागली. सून पाहून घरी आल्यावर सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत बसले होते, तेव्हाही ते एवढेच म्हणाले होते, "मुलगी खरी आहे." मुलाला मात्र त्यांनी कधी पारड्यात घातले नव्हते, किंवा घातले असेल तर निकाल सांगितला नव्हता.

आणि मग तो दवाखान्यातला व्हरांडा. आई आत गेलेली होती, म्हणजे आतल्या खोलीत होती आणि आता नव्हती. तो दाराबाहेर उभा होता. भिंतीला टेकून, हातात तिची शाल घेऊन, जिचा आता कुणाला उपयोग नव्हता आणि जी कुठे ठेवावी ते त्याला सुचत नव्हते. दार उघडून आप्पा बाहेर आले. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि ते वळून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आत्या त्याच्या जवळ येऊन दंडाला धरून पुटपुटली, "अरे, तोंड तरी आवर." नंतर त्याने मोरीतल्या आरशात पाहिले होते. आत्याचे खरे होते. आतून सगळे कोसळत असताना वर ती दोन टोके जागच्या जागी होती, इमारत पडून गेल्यावरही भिंतीवर टिकून राहिलेल्या दिव्यासारखी. आप्पांनी त्या दिवशी का तोंड फिरवले, हे त्याने कधी विचारले नाही, कारण उत्तर त्याला माहीत होते. तेव्हापासून बापलेकांत गोळ्यांच्या वेळा होत्या, वर्तमानपत्र होते, गळका नळ होता. बोलणे भरपूर होते, पण त्या व्हरांड्याला वळसा घालून होते. परदेशी जाण्याचा हा सगळा खटाटोप, हे त्याने बायकोलाही सांगितले नव्हते, त्याच्या लेखी एक प्रकारची भरपाई होती. त्या मूळ वजनांसमोर आप्पा उभे राहतील, आणि तो शेजारी, श्वास कोंडून उभा राहील. इतकेच त्याला हवे होते. पुन्हा उजेड पडला. छायाचित्रकाराला चष्मा सापडला होता, आणि त्याने गिऱ्हाईक स्थिर बसलेले पाहून कळ दाबली होती. पडद्यावर तोच चेहरा आला. डोळे ओले होते, आणि ओठ, ज्या क्षणी त्याला सर्वांत जास्त रडायचे होते त्याच क्षणी, होते तिथेच होते.  छायाचित्रकार पुष्कळ वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिला, आणि मग त्याच्या हळू आवाजाहूनही हळू आवाजात म्हणाला, "यापेक्षा सरळ तुमचं तोंड होणार नाही, साहेब. हाच न्या."

वर गेल्यावर खिडकीपुढची रांग विरळ झाली होती. त्याने पाकीट फटीतून आत सरकवले. कारकून बाईंनी ते उपडे केले, आणि त्यातून ओल्या डोळ्यांच्या छायाचित्राबरोबर आणखी एक घसरून बाहेर आले, छायाचित्रकाराने गडबडीत, की आवडले म्हणून, छापून टाकलेले : डोळे मिटलेले, खांदे उडालेले, आणि कोपऱ्यात बायकोच्या साडीचा काठ. बाईंनी दोन्हीकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले, आणि उठून आतून आपल्या वरिष्ठ बाईंना घेऊन आल्या. वरिष्ठ बाईंचे केस पूर्ण पिकलेले होते, आणि चाल अशी होती की, त्यांना आजवर कुणी फसवू शकलेले नसावे. त्यांनी त्याच्या पासपोर्टातले जुने छायाचित्र उघडून शेजारी ठेवले, मग आणखी जुना, मुदत संपलेला पासपोर्ट मागून घेतला, आणि चार चेहरे एका ओळीत लावून त्या पत्ते लावणाऱ्या माणसासारख्या विचारात पडल्या.

"या एकात तुम्ही हसताय, यात वाद नाही," त्या म्हणाल्या. "मग बाकीच्या तिघांत काय करताय?"

त्याला पुष्कळ काही म्हणता आले असते. खिडकीच्या आत बसून काढलेल्या वर्षांत त्याने या प्रश्नाची किती तरी उत्तरे मनात रचून ठेवली होती, मुद्देसूद, पुराव्यांसह. प्रत्यक्षात तो शेवटच्या छायाचित्रावर बोट ठेवून एवढेच म्हणाला, "यात आईची आठवण काढत होतो."

कारकून बाईंनी मान खाली घातली. वरिष्ठ बाईंनी घातली नाही. पण त्यांनी दोन पासपोर्ट मिटले, आणि बोटे त्यांच्यावर वाजवू लागल्या. मागे बाकावरून आप्पांनी मोठ्याने विचारले, काय अडलंय. त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे घरातली कुठलीही गुप्त गोष्ट त्यांच्यापर्यंत सगळ्या बिल्डिंगला कळल्यावरच पोहोचत असे. मुलीने त्यांच्या कानाशी वाकून, संपूर्ण मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "आजोबा, बाबा फोटोत हसतायत म्हणतायत. निर्विकार पाहिजे म्हणतायत." मजल्यावरच्या सगळ्या रांगांनी वळून पाहिले. आप्पा काठीवर भार देऊन उठले. सूनबाई हात द्यायला पुढे झाली, तो त्यांनी नाकारला. ते खिडकीपाशी आले, वाकले नाहीत, आणि फटीतून हात आत घालून म्हणाले, "द्या बघू."

वरिष्ठ बाईंनी, कशासाठी ते न विचारता, ओल्या डोळ्यांचे छायाचित्र त्यांच्या हातात दिले. आप्पांनी ते डोळ्यांच्या रेषेत धरले, हात किंचित लांब करून, आणि एक डोळा मिटला. मुलाने ती मुद्रा कित्येक वर्षांनी पाहिली. त्याच्या नकळत त्याचा श्वास थांबला, आणि छाती जुन्या जागी, जुन्या पद्धतीने दुखू लागली. आप्पा बोलू लागले ते छायाचित्राकडे पाहत, खिडकीतल्या बाईंना उद्देशून, दुकानदारासमोर पंचनामा सांगावा तशा सपाट आवाजात.

"हे माझ्या बायकोचं तोंड आहे, बाई. ती रागावली तरी अशीच दिसायची. लग्न झाल्यावर मला किती तरी दिवस कळायचंच नाही, ही रागावलीय की काय ते. ती गेली त्या दिवशी हा दाराबाहेर असाच उभा होता. आत तिला सोडून बाहेर आलो, तर बाहेर तीच उभी. मला बघवेना. मी भिंतीकडे तोंड केलं."

 बायकोचा हात त्याच्या पाठीवर आला आणि तिथेच राहिला. त्याच्या डोळ्यांसमोर तो व्हरांडा पुन्हा उभा राहिला, तीच भिंत, तेच दार, तीच शाल. पण जणू कुणीतरी खोलीतला दिवा एका भिंतीवरून काढून दुसऱ्या भिंतीवर लावावा तशा सगळ्या सावल्या उलट बाजूला पडल्या होत्या, आणि वर्षानुवर्षे ज्या ठिकाणी तो स्वतःला गुन्हेगार म्हणून उभा पाहत होता, त्या ठिकाणी आता आई उभी होती, हात पुसत, आतून खूश असल्यासारखी. दाराखालून घरात उन्हाची तिरीप यावी तसे काहीतरी त्याच्या अंगात वर चढत आले. आपण जे लोकांना न देता देत आलो ते कुणाचे होते, हे त्याला आता कळत होते. तिचेच तर होते. तो केवळ खिडकीवर बसून वाटत होता. दिवे आल्यावर सांगायला येणारी माणसे तिलाच सांगून जात होती. मामा गात होता तो तिच्यासमोर गात होता. त्याने हसू आवरण्याचा जन्मभरात प्रथमच काही प्रयत्न केला नाही, आणि त्याला हेही कळेना की आत्ता आपण हसतोय की नुसते उभे आहोत.

वरिष्ठ बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. नियम नियमच होता, आणि तो त्यांच्यासमोर टेबलाच्या काचेखाली छापील अक्षरांत होता. पण विचारायचे राहून जाऊ नये, अशा स्वरात, आप्पांना ऐकू जाईल इतका आवाज चढवून त्यांनी विचारले, "म्हणजे आजोबा, यात तुमचा मुलगा हसत नाहीये. असं धरू ना मी?"

 आप्पांनी छायाचित्र खाली घेतले, वळून मुलाच्या तोंडाकडे पाहिले, आणि या वेळी त्यांनी तोंड फिरवले नाही. काटा स्थिर व्हायला लागतो तेवढा वेळ ते पाहत राहिले. मग ते छायाचित्र त्यांनी फटीतून आत सरकवले.

"खरं आहे," आप्पा म्हणाले. "घ्या."